होकायंत्र खोटं बोलतं!

"खिडकी माझी!"

"मित्राताई, मला गाडी लागते गं!"

"केरू, तुला तर बैलगाडीसुद्धा लागते!"

नाशिकहून पहाटे सुटलेली एस.टी. जव्हारचा घाट उतरली, तरी खिडकीचा तंटा काही मिटला नाही. दिवाळीची सुट्टी होती. इंदिरानगरची संघमित्रा, तिचा धाकटा भाऊ रेवत आणि चांदवडचा मावसभाऊ केरू यांनी सावळीराममामांचं डोकं खाऊन समुद्राची सहल पदरात पाडून घेतली होती. मामांच्या मते सहल म्हणजे झाडाखाली बसून ट्रान्झिस्टरवर क्रिकेट ऐकणं! माडवली बंदरात उतरताच त्यांनी सुरूचं झाड गाठलं आणि मुलांना समोरच्या नौका संग्रहालयात पिटाळलं.

संग्रहालय एवढंसं, कौलारू. पण दारात ही गर्दी! आत एक म्हातारा पहारेकरी मान खाली घालून उभा होता आणि व्यवस्थापक प्रधानसाहेब त्याच्यावर गरजत होते.

"चिमाजी, जहाजाचा जुना नांगर गेला कुठे? मी रजेवर, इथे रंगकाम चालू, किल्ली तुझ्याकडे! भंगारात विकलास ना?"

"नाय साहेब! माझे केस या दारात पांढरे झाले. मी चोर नाय!"

"पिकलं पान, पण हात चलाख!" गर्दीतून कुणीतरी खिदळलं. चिमाजींचे डोळे भरून आले. मित्राला त्या माणसाचा असा राग आला की बस!

"चला, ठाण्यावर," साहेबांनी बोलावून आणलेले हवालदार म्हणाले. "पण आधी चहा होऊ द्या."

हवालदारांचा चहा म्हणजे बशीत ओतून, फुंकून फुंकून! तेवढ्यात मुलं आतल्या दालनात शिरली. गलबतांच्या लाकडी प्रतिकृती, शिडाचं कापड, वल्ही! मधोमध नव्याकोऱ्या निळ्या लाकडी चौथऱ्यावर पितळी होकायंत्र झळकत होतं.

"लय भारी हाय हे!" केरू हरखला.

रेवतने मात्र नाक मुरडलं. "भारी कसलं? ही सुई बघ. उत्तर दिशा समुद्राकडे दाखवतेय!"

"मग?"

"अरे, आपला समुद्र पश्चिमेला! शाळेत नकाशा भरताना झोपला होतास काय?"

मित्रा दारातल्या प्रधानसाहेबांकडे धावली. "साहेब, तुमचं होकायंत्र बिघडलंय!"

"अशक्य! गेल्याच महिन्यात तपासून घेतलंय!"

"मग बाहेर नेऊन बघा ना. इथे खोटं बोलतंय ते!"

साहेबांना ते झोंबलं. त्यांनी स्वतः होकायंत्र उचललं आणि अंगणातल्या बाकड्यावर ठेवलं. सुई थरथरली, गर्रकन फिरली आणि किनाऱ्याला समांतर अशी शहाण्यासारखी उत्तरेला थांबली!

"बघा! म्हटलं नव्हतं?" साहेब खूश झाले.

मित्रा मात्र रेवत-केरूला कोपऱ्यात ओढत कुजबुजली, "बाहेर बरोबर, चौथऱ्यावर चूक! म्हणजे चौथऱ्याखाली लोखंड आहे. भरपूर लोखंड!"

"नांगर!" रेवत ओरडलाच.

"साहेब, तो चौथरा उघडा!" मित्रा म्हणाली.

"उघडा? कालच रंग वाळलाय! उद्या पाहुणे यायचेत. पोरांनी पोरांसारखं राहावं!"

तिकडे हवालदारांची बशी रिकामी झाली होती. ते चिमाजींचा दंड धरणार, तोच आत केरूने भोकाड पसरलं!

"माझी गोटी! फळीच्या भोकातून आत गेली ओ! लय लाडकी गोटी माझी!"

"दुसरी घे बाबा," हवालदार आत येत म्हणाले.

"अशी दुसरी नाय मिळायची! आणि आत कसा आवाज आला, ऐका तरी!" केरूने खिशातून आणखी एक गोटी काढून भोकात सोडली.

ठण्ण!

हवालदारांच्या भुवया वर गेल्या. "लाकडाखाली लोखंड? साहेब, काढा ती फळी!"

साहेब कुरकुरले, पण खिळे उपटले गेले. कर्रर्र! फळी निघाली आणि आत आडवा पडलेला अजस्र, गंजका नांगर दिसला! त्याच्या आकड्यापाशी केरूच्या दोन्ही गोट्या होत्या.

"सापडला!" तिघांनी उड्या मारल्या.

प्रधानसाहेबांचा चेहरा पांढराफटक पडला. "अरे देवा... चौथरा डुगडुगत होता. रजेवर निघताना मीच सुताराला म्हणालो, 'खाली काहीतरी जड टाक.' त्याने रंगाऱ्यांना हाताशी धरून, चिमाजीच्या नकळत, हाच टाकला असणार! आणि मी वर होकायंत्र ठेवलं!"

"होकायंत्राखाली लोखंड!" रेवतने कपाळावर हात मारला. "आमचे गुरुजी असते तर अंगठे धरून उभं केलं असतं!"

हवालदार गडगडाटी हसले. "शाब्बास रे पोरांनो! माझ्या हातून आज एका भल्या माणसावर अन्याय होणार होता." गलका ऐकून मामाही धावत आले आणि सगळं कळताच छाती फुगवून म्हणाले, "भाचरं कुणाची!"

साहेबांनी चिमाजींचे हात धरले. "चुकलो मी. माफ कर."

चिमाजी जागचे हलले नाहीत. "मला नका सांगू, साहेब. मी चोर नाय, हे मला ठाऊकच होतं. त्यांना सांगा." त्यांनी दाराबाहेरच्या गर्दीकडे बोट केलं.

साहेब घुटमळले. मग पायरीवर गेले, खाकरले आणि म्हणाले, "चिमाजींनी चोरी केलेली नाही. चूक माझी होती."

आता कुठे म्हाताऱ्याने मान वर केली. डोळे चमकत होते.

"आणखी एकदा, साहेब. मागच्यांना ऐकू नसंल आलं!"