पोकळ वाजणारी फरशी

ही गोष्ट खरी आहे. विश्वास ठेवायचा की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. मी फरश्या बसवतो, गोष्टी रचणं माझं काम नाही.

आणि आधीच सांगून ठेवतो. यात अमावास्या नाही, मध्यरात्र नाही, पांढऱ्या साडीतली बाई नाही. जे झालं ते भर दिवसा झालं. उन्हात, आजूबाजूला माणसं वावरत असताना.

म्हणूनच ते अजून डोक्यातून जात नाही.

माझे साडू बँकेतून निवृत्त झाले आणि एका छोट्या संस्थेत शिरले. संस्था म्हणजे चार टाळकी आणि एक पावतीपुस्तक. परदेशातल्या पडक्या इस्पितळांची दुरुस्ती करून द्यायची, मजुरी घ्यायची नाही, असं त्यांचं काम. या वेळी लहान मुलांचं इस्पितळ होतं. वॉर्डची जमीन पार उखडलेली. साडूंनी मला गळ घातली.

"साडूभाऊ, तुमच्यासारखा हात आमच्याकडे कुणाचा नाही. पुण्य लागेल."

"पुण्याचं राहू द्या. सिमेंट-वाळूचा माल कोण कालवणार?"

"मी आहे ना."

ज्या माणसाने उभ्या आयुष्यात पेनापेक्षा जड काही उचललं नाही, तो माल कालवणार होता. पण बायको म्हणाली, "ताईच्या यजमानांना नाही म्हणू नका हो." मग काय, गेलो.

इस्पितळ बैठं होतं. मधे एक लांबलचक वॉर्ड, तोच आम्हाला करायचा होता. तो रिकामा करायचा म्हणून मुलांच्या खाटा बाहेर पॅसेजमध्ये ओळीने लावलेल्या. पॅसेजची दोन्ही टोकं उघडी. दिवसभर गार वारा या टोकाकडून त्या टोकाकडे जायचा, आणि त्याच्याबरोबर खोकल्याचे आवाज.

तिथल्या मोठ्या सिस्टरचं इंग्रजी माझ्याइतकंच मोडकं होतं, त्यामुळे आमचं छान जमलं. ती रोज सकाळी एकच प्रश्न विचारायची.

"कधी होणार?"

"लवकर."

वॉर्डच्या दारासमोरच्या खाटेवर एक मुलगी होती. सहा-सात वर्षांची, छातीच्या दुखण्याची. पडल्या पडल्या माझं काम बघत राहायची. मी हातोडी ठोकली की ती चमच्याने खाटेच्या लोखंडी दांडीवर ठोकायची. माझं टक टक, तिचं टण टण. एखादी ओळ तिला वाकडी वाटली तर बोट नाचवून दाखवायची. एकदा तर खरंच वाकडी निघाली.

साडूंनी तिचं नाव 'मुकादम' ठेवलं.

माझी मुलगी साधारण त्याच वयाची. त्यामुळे असेल, पण त्या पोरीत माझा जीव गुंतला, हे कबूल करतो. सिस्टरने मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, हिच्या छातीला हा वारा सोसत नाही. थंडी पडायच्या आत ही वॉर्डमध्ये गेली, तर वाचेल कदाचित.

त्या दिवसापासून मी जेवणाची सुट्टीही कमी केली.

आता कामातली एक गोष्ट सांगावी लागेल. फरशी बसवली की दुसऱ्या दिवशी ती ठोकून बघायची असते. हातोडीच्या दांड्याने, हलकेच. खाली माल नीट भरला असेल तर आवाज भरीव येतो. टक. कुठे माल कमी पडला असेल तर आवाज बदलतो. ढप. अशी फरशी उचलून परत बसवावी लागते, नाहीतर वजन आलं की तडकते.

माझ्या कामात पोकळ फरशी निघत नाही. आढ्यता म्हणा हवं तर, पण गिऱ्हाइकं मला त्यासाठीच बोलावतात.

त्या दिवशी खिडकीखाली ठोकत आलो आणि...

ढप.

"काय साडूभाऊ, परदेशी पाण्याने हात बिघडला का?" साडू खूश झाले. मी पेन्सिलने फुली मारली. कालवलेला माल संपला होता, म्हणून उचलायचं काम सकाळवर टाकलं.

सकाळी आलो तर पॅसेजच्या टोकाचा पाळणा रिकामा होता. गादी गुंडाळून ठेवलेली. त्यात एक तान्हं बाळ होतं, काल संध्याकाळपर्यंत.

सिस्टर ती गादी उचलून घेऊन गेली.

छिन्नी घेऊन खिडकीखाली बसलो. उचलण्याआधी सवयीने एकदा ठोकली...

टक.

भरीव. फुली तिथेच होती, माझ्याच हातची. आजूबाजूच्या फरश्या ठोकल्या, सगळ्या भरीव. काल ऐकण्यात चूक झाली असेल म्हणून सोडून दिलं.

पुढच्या आठवड्यात समोरच्या भिंतीपाशी पोकळ आवाज आला. या वेळी एक फरशी नव्हती. एकामागे एक, पट्टाच. दहा-बारा वर्षांचा मुलगा आडवा झाला तर जेवढी जागा घेईल तेवढा.

मी फरश्या उचलल्या.

खालचा माल मी स्वतः भरला होता, काठोकाठ. तो मधोमध... दबला होता. खोलगट, गुळगुळीत. कापसाच्या गादीवरून कुणी झोपून उठलं की खळगा राहतो तसा.

"घूस असेल," साडू म्हणाले.

"घूस माल उकरते. दाबून बसवत नाही."

पुन्हा माल भरला. पुन्हा फरश्या बसवल्या. दुसऱ्या दिवशी ठोकलं तर ढप.

त्याच दुपारी पॅसेजमध्ये पळापळ झाली. डोक्याला रुमाल बांधणारा एक मुलगा होता, साडूंशी पत्ते खेळायचा, लबाडी करून जिंकायचा. त्याच्या खाटेभोवती सगळे जमले. मग हळूहळू सगळे बाजूला झाले. त्याच्या आईचा आवाज मी अजून विसरलेलो नाही.

हाताला काहीतरी काम हवं म्हणून मी भिंतीपाशी जाऊन बसलो आणि ठोकलं.

टक.

पूर्ण पट्टा ठोकला. टक. टक. टक.

मागे साडू उभे होते. त्यांनीही ते ऐकलं होतं.

त्या संध्याकाळी मी सिस्टरला विचारलं, इस्पितळाच्या आधी इथे काय होतं? ती म्हणाली, काही नाही, गवत होतं. स्मशान? नाही. विहीर? नाही. तिला माझा प्रश्नच कळेना. खरं सांगायचं तर मलाही कळत नव्हता.

तिसरी जागा मी शोधायला गेलो नव्हतो. शोधणं बंदच केलं होतं. साडूंच्या हातून बादली निसटली आणि वॉर्डच्या मधल्या खांबाजवळ पडली...

ढप.

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. मी गुडघ्यावर बसलो, ठोकत गेलो, पेन्सिलने कड आखत गेलो. पट्टा लहान होता. मागच्यापेक्षा बराच लहान.

साडूंनी त्या आखलेल्या जागेकडे पाहिलं. मग दारातून बाहेर, समोरच्या खाटेकडे. मग चपलेने पेन्सिलच्या रेघा पुसायला लागले.

"याचा काही अर्थ नसतो," ते म्हणाले.

"मी काही म्हणालो का?"

बाहेरून आवाज आला. टण टण. मुकादम उत्तर देत होती.

मी वेड लागल्यासारखा कामाला भिडलो. तिथल्या फरश्या उचलल्या. माल खरवडून काढला. खालचा जुना कोबा फोडला, थेट मातीपर्यंत गेलो. माती घट्ट होती, तिथे काहीच नव्हतं. खडी घातली, काँक्रीट ओतलं, ठोकून ठोकून बसवलं. वर फरश्या घातल्या. अंधार पडेपर्यंत तिथून हललो नाही. हत्ती उभा केला असता तरी ती जागा दबली नसती.

सकाळी ठोकलं.

ढप.

मी परत छिन्नी उचलली. साडू शेजारी येऊन बसले.

"साडूभाऊ, एक विचारू? आधीच्या दोन जागा भरीव कधी झाल्या?"

माझा हात थांबला.

"नीट आठवा," ते म्हणाले.

मी आठवलं. आधी तो रिकामा पाळणा, मग तो रुमालवाला मुलगा. छिन्नी खाली ठेवली.

"मग राहू द्या," साडू म्हणाले. "पोकळच राहू द्या."

"राहू द्या," मी म्हणालो.

त्या दिवसापासून रोज सकाळी आधी मी खांबाजवळ जायचो. चहा नाही, काही नाही. बसायचो, ठोकायचो. ढप आलं की जिवात जीव यायचा. ज्या आवाजाने जन्मभर माझं डोकं फिरलं, तोच ऐकायला मी उपाशीपोटी धावत होतो. साडू दारात उभे राहायचे. मी मान हलवली की ते सिमेंट आणायला जायचे.

आणि मुकादम सुधारायला लागली.

खरंच सांगतो. जेवायला लागली. उठून बसायला लागली. तिचं टण टण जोरात यायला लागलं. तिने साडूंना तिथल्या भाषेत एक शिवीसुद्धा शिकवली, असं सिस्टर म्हणाली. सिस्टरला हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. माझ्या मनात आलं, जमलं बहुतेक. नुसतं भरलं नाही की झालं. इतकं सोपं होतं.

वॉर्ड तयार झाला. सांधे भरले, जमीन पुसून घेतली. खांबाजवळच्या जागेवर खाट ठेवायची नाही, हे मी सिस्टरला बजावून सांगितलं.

"का?"

"तिथली फरशी कच्ची आहे."

मुकादमची खाट आम्ही सर्वात चांगल्या जागी लावून घेतली. कोपऱ्यात, वाऱ्यापासून लांब, खांबापासूनही लांब. खाट ढकलत आत नेली तेव्हा ती वाकून खाली फरश्यांचे सांधे बघत होती. मग काहीतरी बोलली.

"ती म्हणते, काम बरं झालंय," सिस्टरने सांगितलं.

साडू इतके हसले की त्यांना चष्मा काढून पुसावा लागला.

निघायचा दिवस तोच होता. मुलांची जेवणं झाली. खिडक्यांतून ऊन आत आलं होतं. बरीच मुलं झोपली होती, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा खोकल्याचा आवाज कमी होता. मुकादमही आडवी झाली होती, माझ्याकडे तोंड करून. तिने मला हात केला. मी सामान पिशवीत भरत होतो. हातोडी तेवढी बाहेर ठेवली होती.

शेवटचं ठोकून यावं म्हणून खांबाजवळ गेलो. बसलो.

आणि...

टक.

मला वाटलं, जागा चुकली. थोडं सरकून ठोकलं. टक. डोक्याकडे ठोकलं, पायाकडे ठोकलं. टक. टक.

तिच्या बाजूने काहीच आवाज आला नाही.

मी मान वर केली. ती तशीच होती, माझ्याकडे तोंड करून. एक हात खाटेच्या दांडीवर. चमचा हातातच होता.

मी परत ठोकलं. जरा जोरात. कधी उत्तर दिलं नाही असं झालं नव्हतं ना, म्हणून. परत ठोकलं. साडूंनी येऊन माझा हात धरला तोवर मी ठोकत होतो.

"पुरे आता," ते म्हणाले. "मुलं झोपलीत."

विमान रात्रीचं होतं. त्याआधी संस्थेचा इंजिनियर काम बघायला आला. नाणं घेऊन वॉर्डभर ठोकत फिरला. खिडकीखाली, भिंतीपाशी, खांबाजवळ. परत येऊन त्याने माझा हात हातात घेतला. एकही पोकळ नाही म्हणाला. इतकं पक्कं काम त्याने कुठे पाहिलं नव्हतं.

मी आभार मानले. दुसरं काय करणार?

याला बराच काळ झाला. साडू लग्नकार्यात भेटतात. तब्येतीचं बोलतो, बाजारभावाचं बोलतो, हे सोडून सगळं बोलतो. संस्थेत ते आता जात नाहीत. मलाही दोनदा बोलावणं आलं, मी कंबर दुखते म्हणून सांगितलं.

मी हे आज लिहायला बसलो त्याला कारण आहे. मागच्या महिन्यात बायको म्हणाली, "अहो, पोरीच्या खोलीत पलंगाशेजारी फरशी पोकळ वाजते. जगाच्या फरश्या नीट करता, जरा घरची पण बघा."

त्या खोलीतली फरशी मीच बसवलेली आहे. तेव्हा प्रत्येक फरशी ठोकून घेतली होती.

"राहू दे," मी म्हणालो.

"अहो, तडकेल ती."

"राहू दे म्हटलं ना. हात लावायचा नाही तिला. कुणीच नाही."

बायको माझ्या तोंडाकडे बघत राहिली. तिला मी काही सांगितलेलं नाही. काय सांगू?

पोरगी ठणठणीत आहे. शाळेत जाते, भांडते, दप्तर कुठेही टाकते. तिला मी तीन डॉक्टरांना दाखवून आणलं. सगळ्या तपासण्या चांगल्या आल्या. तिसरा डॉक्टर तर मलाच म्हणाला, तुम्ही जरा झोप घ्या.

रोज सकाळी ती उठायच्या आधी मी तिच्या पलंगाशेजारी जाऊन बसतो. बोटाच्या पेराने एकदाच ठोकतो. कधी कधी तिला जाग येते.

"बाबा, काय करताय?"

"काही नाही. झोप तू."

आज सकाळीही ठोकली. अजून पोकळ आहे.