तेल वजा

सुलोचना तायडे यांनी बाळाच्या कानात रबरी टोक बसवलं आणि नेहमीप्रमाणे बाळाच्या आईला विचारलं, "दूध पुरतं ना?" चाचणीला अकरा सेकंद लागत. तेवढ्यात या एका प्रश्नाचं उत्तर मिळून जाई.

निरोगी कान नुसता ऐकत नाही. ऐकताना स्वतःही अगदी बारीक आवाज करतो. 'पडसाद' नावाचं हे यंत्र कानात टिकटिक सोडतं आणि कानाचं हे उत्तर टिपतं. उत्तर आलं नाही, तर बाळाला जिल्ह्याच्या दवाखान्यात नेऊन तीस दिवसांच्या आत जनुक-मात्रा द्यायची, म्हणजे आतल्या कानाच्या बिघडलेल्या पेशी सुधारतात. तीस दिवसांनंतर ती लागू पडत नाही. मग कानाला उपकरणं बसवता येतात, बोलायला शिकवता येतं, पण ती वाट लांबची. २०४३ साली एकशे बारा देशांतली नवजात बाळं या एकाच तपासणी-जाळ्यात आलेली होती. वऱ्हाडातलं बोरटेकही त्यात होतं आणि सुलोचनाबाई तिथल्या आरोग्यसेविका होत्या.

हिरवा दिवा लागला. बाई टोक काढू लागल्या, तोच बाळाची आजी गिरजाबाई पुढे सरसावली. ती साठीत साक्षरता वर्गात वाचायला शिकली होती आणि तेव्हापासून औषधाच्या बाटलीवरची शेवटची ओळसुद्धा सोडत नसे. तिने यंत्राच्या पडद्याला जवळजवळ नाक लावलं.

"ठी-क. ते-ल व-जा. हे तेल वजा काय व्हय, सिस्टर?"

"काही नाही मावशी. बाळाच्या कानात तेल असलं की आवाज दबतो. यंत्र तेवढं समजून घेतं."

"पण आमी तेल टाकलंच नाई."

"थोडंसं टाकलं असेल. मी रागावणार नाही."

"काहून खोटं बोलू? तूच तं चावडीवर भाषण देलं होतं, कानात तेल टाकू नका म्हून. तवापासून गावात कोनी टाकत नाई."

हे खरं होतं. तीन वर्षांपूर्वी त्या भाषणाबद्दल बाईंचा शाल-नारळ देऊन सत्कारही झाला होता. फक्त आपलं कोणी ऐकलं असेल, यावर त्यांचा फारसा विश्वास नव्हता. त्यांनी कापसाची वात बाळाच्या कानाच्या तोंडाशी फिरवली. ती कोरडी निघाली. पुन्हा चाचणी केली, तरी हिरवा दिवा आणि खाली बारीक अक्षरात तेच दोन शब्द.

त्यांनी जाळ्याच्या मदत कक्षाला फोन लावला. पलीकडे कीर्तना नावाची तरुण तंत्रज्ञ होती.

"मॅडम, हा नियम यंत्र तुमच्याच नोंदींवरून शिकलंय," ती कौतुकाने म्हणाली. "तुमच्याकडे लाल दिवा लागला की तुम्ही दरवेळी 'तेल' असं कारण लिहायचात. चारशे बारा वेळा लिहिलंत. पंधरा दिवसांनी पुन्हा तपासल्यावर त्यातली चारशे नऊ बाळं ठीक निघाली. मग आयांना उगाच दुसरा हेलपाटा का, म्हणून यंत्र आता स्वतःच तेल वजा करतं. एकोणीस देशांत चालतो हा नियम. जिथे जिथे बाळाच्या कानात तेल घालतात, तिथे."

"इथे आता घालत नाहीत."

पलीकडे कळफलक वाजला.

"यंत्राला ते कोणी सांगितलं नाही, मॅडम."

"तो नियम काढ आणि निकाल दाखव."

दोन्ही कानांना लाल दिवा लागला. बाळाची आई रडायला लागली. गिरजाबाईने मात्र लगेच दुपट्यांची पिशवी भरायला घेतली.

बाळाला तेराव्या दिवशी मात्रा मिळाली. चाळिसाव्या दिवशी त्याच्या दोन्ही कानांनी उत्तर दिलं. गिरजाबाईने ते पडद्यावर स्वतः वाचलं आणि मगच विश्वास ठेवला.

त्याच दिवशी कीर्तनाने यादी पाठवली. गावात तेल बंद झाल्यापासून 'ठीक, तेल वजा' असा शेरा मिळालेली, सुलोचनाबाईंनी तपासलेली एकेचाळीस मुलं त्यात होती. बहुतेकांचे कान त्या दिवशी जन्मावेळच्या पाण्याने नुसते ओलसर असतील, असं तिने खाली लिहिलं होतं. बहुतेकांचे. एकोणीस देशांची यादी अजून तयार व्हायची होती.

यादीतलं दुसरं नाव मीनल गवई, वय अडीच. सुलोचनाबाईंना भीती वाटली. लस टोचताना शेजारचं पोर किंचाळलं तरी ढिम्म राहणारी मीनल त्यांना चांगलीच आठवत होती. "इतकी शांत पोर पाहिली नाही बाई," असं तिच्या आईला त्यांनीच हसून सांगितलं होतं. आईही सुखावली होती.

अंगणवाडी दोन गल्ल्या पलीकडे होती. दाराकडे पाठ करून तेरा मुलं चिंचोके मांडत बसली होती. बाई उंबऱ्यात थांबल्या. नुसती एक हाक मारायची होती. मागे फिरावं असंही एकदा त्यांच्या मनात येऊन गेलं.

"मीनल!"

बारा माना एकदम वळल्या. मीनलने हातातला चिंचोका खाली ठेवला, शेजारच्या मुलीच्या वळलेल्या तोंडाकडे पाहिलं, मग तीही वळली आणि बाईंना ओळखून गोड हसली.

ती हाक ऐकून वळली होती, की बाकीची वळली म्हणून?