निळी कडा

घड्याळजी दारात उभे राहिले तेव्हा वहिनी चहाचे कप विसळत होत्या आणि भावजी तेच वर्तमानपत्र दुसऱ्यांदा वाचत होते. वहिनी खासगी तपासाची कामं घेत. भावजी म्हणजे त्यांचे धाकटे दीर. निवृत्त झाल्यापासून ते वहिनींच्या मागे हिंडत आणि त्याला मदत म्हणत.

घड्याळजींनी बसण्याआधीच सांगून टाकलं, "माझं नाणं बदललंय. आणि लोक म्हणतात, माझी नजर गेली."

गावातल्या नाणेसंग्राहकांच्या मंडळाचे ते तीस वर्षं परीक्षक होते. नाण्याची झीज किती, ओरखडे किती, चांदीवर वर्षानुवर्षं चढलेली झाक खरी की कुणी औषध लावून आणलेली, हे त्यांनी सांगायचं आणि बाकीच्यांनी मान डोलवायची. त्यांचं स्वतःचं लाडकं नाणं होतं बंदरावरच्या दीपगृहाला शंभर वर्षं झाली तेव्हा निघालेलं. चाळीस वर्षं लाकडी कप्प्यात राहून त्यावर मधोमध तांबूस आणि कडेला निळी झाक चढली होती.

"निळा रंग कडेभर आहे, पण एकदम दिसत नाही," ते म्हणाले. "नाणं जरा कललं की तो पुढे सरकतो. उजेडाबरोबर गोल फिरतो म्हणा."

ते नाणं आदल्या संध्याकाळी त्यांनी प्रदर्शनासाठी चिटणीसांच्या हाती दिलं होतं. आज सकाळी काचपेटीभोवती एक फेरी मारली. ते सरळ म्हणाले, हे माझं नव्हे. सभासदांनी आधी समजूत घातली, मग एकमेकांकडे पाहिलं. आता दुपारी बैठक होती. ज्याला स्वतःचं नाणं ओळखता येत नाही त्याच्याकडे परीक्षकपद कसं ठेवायचं, एवढाच विषय.

"नाणं गेलं तर मी चार दिवस जेवणार नाही," घड्याळजी म्हणाले. "पण नजर गेली असेल, तर तीस वर्षं मी जे जे सांगितलं ते सगळं गेलं."

वहिनींनी पदराला हात पुसले आणि चपला शोधल्या.

सभागृहात सहा काचपेट्या होत्या. चिटणीसांनी कुरकुरत तिसरी उघडली. वहिनींनी नाणं घड्याळजींनी शिकवलं तसं कडेला धरलं आणि खिडकीपाशी नेलं. निळा रंग डाव्या बाजूला होता, चंद्रकोरीएवढा. त्यांनी नाणं कलवलं, फिरवलं. रंग जागचा हलला नाही.

भावजींनी प्रदर्शनाची पुस्तिका उघडून नाण्याशेजारी धरली. त्यांना घड्याळजींबद्दल वाईट वाटत होतं, पण खरं ते खरं. "वहिनी, हे तर हुबेहूब चित्रासारखं आहे. निळा रंगसुद्धा तिथेच."

"अगदी तिथेच," वहिनी म्हणाल्या. भावजी खूश झाले. ते लवकर खूश होत.

पुस्तिका आज सकाळीच छापून आल्या होत्या, त्याआधी कुणी पाहिल्या नव्हत्या. वहिनींनी हे चिटणीसांना दोनदा विचारलं. चिटणीस वैतागले, पण उत्तर दोन्ही वेळा तेच आलं. नाणं काल संध्याकाळी हाती पडलं तेव्हा त्यांनी ते दिव्याखाली कलवून मनसोक्त पाहिलं होतं, रंग कसा पळतो ते पाहून बायकोलाही बोलावलं होतं. मग पेटीत ठेवून कुलूप घातलं. आज सकाळी घड्याळजी येण्याआधी पेटी एकदाच उघडली, कार्ड बदलायला. कार्डावर 'दीपगृह' शब्दातला दी ऱ्हस्व पडला होता. छापखानेवाले नवं कार्ड घेऊन आले आणि त्यांनीच ते आत ठेवलं.

"बिचाऱ्यांच्या हातून पहिल्यांदाच शुद्धलेखनाची चूक झाली," चिटणीस म्हणाले. "एरवी आमच्या चुका तेच सुधारतात."

फोटो काढणाऱ्या बाई कोपऱ्यात तिपाई आवरत होत्या. दोन महिन्यांपूर्वी घड्याळजींच्या घरी बसून त्यांनी या नाण्याचे फोटो काढले होते. त्या आठवणीनेच त्या दमल्या. दिवा एकच होता. दिवा जिथे, तिथलाच निळा रंग उठे, बाकीची कडा काळपट दिसे. दिवा सहा बाजूंना ठेवून सहा फोटो काढले, त्यांतला डावीकडच्या दिव्याचा एक छापायला दिला.

छापखानेवाले पुस्तिकांचे गठ्ठे मोजत होते. सडपातळ, नीटनेटका माणूस, नखं मात्र शाईने काळी. त्यांनी वहिनींना फार बोलूच दिलं नाही.

"ताई, मी नाणं कधी हातात धरलेलं नाही. माझ्याकडे आला तो फोटो. तोच मी महिनाभर समोर ठेवून रंग जुळवले."

"जुळलेत छान," वहिनी म्हणाल्या. छापखानेवाल्यांचा चेहरा खुलला.

भावजी बाहेर येऊन म्हणाले की हा तरी सुटला, ज्याने नाणं पाहिलंच नाही तो त्याची नक्कल करणार कशी. वहिनींनी त्यांना पाणी प्यायला पाठवलं.

बैठकीला वीसेक माणसं जमली. घड्याळजी मागच्या खुर्चीत ताठ बसले होते. वहिनींनी नाणं आणि पुस्तिका टेबलावर ठेवली.

"घड्याळजींचं नाणं बदललेलं आहे," त्या म्हणाल्या. "हे नाणं त्याच वर्षीचं, त्याच छापाचं आहे. झाक मात्र माणसाने चढवलेली. भावजी म्हणाले, हे चित्रासारखं दिसतं. बरोबर आहे. घोळ तोच आहे. हे नाण्यासारखं दिसत नाही, चित्रासारखं दिसतं."

त्यांनी ते खिडकीच्या उजेडात धरून फिरवलं. निळी कोर जिथली तिथे राहिली. फोटो काढणाऱ्या बाईंनी आणलेले बाकीचे पाच फोटो त्यांनी ओळीने मांडले. प्रत्येकात निळा रंग वेगळ्या जागी होता.

"खरी झाक उजेडाबरोबर फिरते. ज्याने नाणं कलवून पाहिलं त्याला हे ठाऊक आहे. चिटणीसांना ठाऊक आहे, या बाईंना तर चांगलंच. त्यांनी नक्कल केली असती तर निळा रंग कडेभर दिला असता. डाव्या बाजूलाच रंग कोण देईल? ज्याच्यासमोर एकच फोटो होता तो. पुस्तिका आज आल्या, आणि अशी झाक चढवायला बरेच दिवस लागतात. आजच्या आधी फोटोपुरतंच नाणं पाहिलेला माणूस एकच."

सगळ्यांच्या माना वळल्या. छापखानेवाले उभे राहिले होते.

"आणि दीपगृहाचा दी ऱ्हस्व छापणारे तुम्ही नाही," वहिनी जरा मऊ आवाजात म्हणाल्या. "पेटी उघडायला निमित्त हवं होतं. ती चूक करताना हात जड झाला असेल."

त्यांनी कबूल केलं. खिशातून पातळ कागदाची पुडी काढून त्यांनी टेबलावर ठेवली.

"विकणार नव्हतो," ते म्हणाले. "एवढी वर्षं तुमच्या नाण्यांची चित्रं छापली. एकानेही कधी म्हटलं नाही, घ्या, एकदा हातात धरून बघा."

घड्याळजी पुढे आले. "मागितलं असतंत तर दिलं असतं," ते म्हणाले. "कसं धरायचं तेही शिकवलं असतं." यात राग होताच, पण लाजही होती, आणि ती त्यांनी लपवली नाही.

चिटणीस घाईघाईने माफी मागू लागले. परीक्षक तुम्हीच, आजही आणि पुढेही, असं म्हणून त्यांनी प्रदर्शनातल्या नाण्यांच्या दर्जाचा तक्ता उघडला आणि दीपगृहाच्या नाण्यापुढे दरवर्षीचा शेरा लिहायला घेतला: अव्वल.

"थांबा," घड्याळजी म्हणाले.

त्यांनी पुडी उघडली. निळा रंग कडेवरून धावत गेला आणि माणसं पुढे वाकली. कुणीतरी भिंग पुढे केलं, ते त्यांनी घेतलं नाही. त्यांनी नाणं एकदा डावीकडे कलवलं, एकदा उजवीकडे.

"नाण्यावरच्या दीपगृहाच्या खाली अंगठा उमटलाय. आज पुसट आहे, वर्षभरात डाग पडेल. पुसायला गेलो तर ओरखडे येतील. एक पायरी खाली घ्या. उत्तम लिहा."

भिंग चिटणीसांनी घेतलं. ते बराच वेळ शोधत राहिले. मग हळूच म्हणाले, "काका, आम्हाला कुणाला काही दिसत नाही. अव्वल राहू द्या ना. तुमचंच तर नाणं आहे."

"मला दिसतंय," घड्याळजी म्हणाले. "लिहा."