पार्वतम्मांनी मागितलेली खुर्ची

शुक्रवारी सकाळी अकराच्या सुमारास श्रीदेवी बिराजदार सोलापूरच्या नव्या पेठेतला अरुंद जिना चढून वैजयंती कडबगावकरांच्या ऑफिसात आली. खाली चादरींचं दुकान, वर ऑफिस. बावीस वर्षं विमा कंपनीसाठी दावे तपासल्यावर वैजयंतीनं खासगी तपासाचं हे काम सुरू केलं होतं.

"सोमवारी माझी आई तिचं घर प्रार्थनाघराला देणार आहे," बसायच्या आधीच श्रीदेवी म्हणाली. "बक्षीसपत्र तयार आहे. निबंधकांच्या ऑफिसात जाऊन अंगठा लावायचा तेवढा राहिलाय."

सयाजी वाघमोडे वही उघडून बसले. ते मूळचे माळशिरसचे, न्यायालयात बेलीफ होते. निवृत्तीनंतर वैजयंतीच्या सोबतीला आले. लोकांचे पत्ते त्यांना चटकन सापडत, लोकांच्या मनातलं जरा उशिरा.

"घर त्यांचं असेल तर त्या देऊ शकतात," वैजयंती म्हणाली. "माझ्याकडं का आलात?"

"ती म्हणते, देवानं तिचं मागणं ऐकलं. वडील गेल्यापासून, म्हणजे अकरा वर्षं, ती तिथं जाते. विड्यांच्या कमाईतला दहावा हिस्सा देते. दशमांश. पास्टर सांगतात, द्याल त्याच्या शंभरपट मिळेल. शिवूला, माझ्या भावाला, काम लागेल. गुडघे बरे होतील. यातलं काही झालं नाही. मी तिला तेच ऐकवत होते. आणि गेल्या महिन्यात दारात एक खुर्ची आली."

"कसली खुर्ची?"

श्रीदेवीनं सयाजींकडं बघत आवाज खाली आणला. "कमोडची. चाळीस वर्षं मांडी घालून विड्या वळल्या, आता गुडघा वाकत नाही. संडासात बसता येत नव्हतं तिला. मला कधी बोलली नाही. लाजेनं कुणालाच बोलली नाही. फक्त चिठ्ठीत मागितलं. पहिल्या रविवारी सगळ्यांच्या चिठ्ठ्या बंद पाकिटात घालून जाळतात तिथं. गेल्या चिठ्ठीनंतर तीन आठवड्यांत खुर्ची दारात हजर."

"पाकीट आधी उघडलं असणार," सयाजी म्हणाले. "हातचलाखी."

"मलाही तेच वाटतं. तेवढं सिद्ध करा, म्हणजे आई थांबेल."

"काय सिद्ध होतं ते आधी बघू," वैजयंती म्हणाली.

दुपारी तिघं विडी घरकुलात, विडी कामगारांच्या वसाहतीत, पोचले. पार्वतम्मा बाजेवर पाय लांब सोडून बसल्या होत्या. मांडीवर सूप, सुपात पानं आणि तंबाखू. शेजारची बजाबाई उंबऱ्याशी बसून विड्या वळत होती. बोलताना दोघींचेही हात थांबले नाहीत.

"अम्मा, चिठ्ठीतलं कुणाला सांगितलं होतंत?" वैजयंतीनं विचारलं.

"कुनाला बी न्हाय. लेकीला न्हाय, ह्या बजाबाईला न्हाय. चिठ्ठी लिवली, पाकीट माज्या हातानं डकवलं, माज्याच हातानं आगीत टाकलं."

"पास्टरांनी हातात घेतलं होतं?"

"त्यांनी शिवलं बी न्हाय."

सयाजींचं पेन थांबलं.

"खुर्ची आल्यावर तिथं सांगितलंत?"

"सांगावंच लागतंय की. साक्ष द्यावी लागती. पर खुर्ची मिळाली, एवढंच बोलले. कसली, ते चार मानसांत कसं सांगायचं?"

"आणि घर द्यायचं कसं ठरलं?"

"पास्टर म्हनले, ज्यानं ऐकलं त्याला तू काय देशील? माज्याजवळ दुसरं काय हाय? मरेस्तवर हितंच ऱ्हावा म्हनले."

बजाबाई म्हणाली, "टेम्पोवाल्यानं हिचं नाव घेतलं, खुर्ची ठेवली आन् गेला. पैसे दिल्यात म्हनला. खोकं न्हवतं. जोडलेलीच हुती."

खुर्ची मागच्या न्हाणीत होती. वैजयंतीनं खाली बसून तिचे पाय पाहिले. उंची कमी-जास्त करायला प्रत्येक पायाला पाच भोकं होती. चारी पिना अशा भोकांत होत्या की खुर्ची सगळ्यात बुटकी झाली होती.

"सयाजीराव, बसून बघा."

"मी?"

"झाकण आहे त्याला."

सयाजी बसले. त्यांचे गुडघे छातीशी आले. "लहान मुलाची आहे की काय ही?"

"पिना कुणी बदलल्या?"

"कुणीच नाही," श्रीदेवी म्हणाली. "धुताना मी ओढून पाहिल्या, निघत नाहीत. आईला मात्र बरोबर होते."

वैजयंतीनं मान हलवली. पार्वतम्मा जेमतेम साडेचार फुटांच्या होत्या.

शनिवारी वैजयंती आणि सयाजी प्रार्थनाघरात गेले. अक्कलकोट रोडला बंद पडलेल्या मागांची एक शेड होती, तिला आतून पांढरा रंग दिला होता. दाराजवळच्या टेबलावर पंचविशीतली एक मुलगी पाकिटं जुळवत होती. टेबलाला दोऱ्यानं एक पेन बांधलेलं होतं.

पास्टर अनिलकुमार आतल्या खोलीत भेटले. इस्त्रीचा सदरा, मऊ आवाज.

"मी काही मागत नाही, मॅडम. मी फक्त पेरायला सांगतो. बी घट्ट मुठीत धरलं तर पीक कुठून येणार?"

"अकरा वर्षांत पार्वतम्मांचं पीक आलं नाही."

"आलं की. जी बाई चालू शकत नव्हती, ती आज चाकांवर बसून हिंडते. आणखी काय पुरावा हवा?"

"चिठ्ठ्या तुम्ही वाचता?"

"कधीच नाही." ते दुखावल्यासारखे झाले. "देवाला लिहिलेलं मी का फोडू?"

"टेबलावरची मुलगी कोण?"

"संस्कृती. एका दवाखान्यात रिसेप्शनला असते. गळा चांगला आहे, व्यासपीठावर गायची. पण तीन महिने दशमांश दिला नाही, कारणही सांगत नाही. देवाचं बुडवणाऱ्याला व्यासपीठावर जागा नाही. आता नुसतं टेबल सांभाळते."

परत जाताना वैजयंती टेबलाशी थांबली. "किती माणसं येतात गं?"

"दीडशे तरी. बायका जास्त. विड्यांच्या, मागांवरच्या."

"आणि पेन एकच?"

"पुरतं."

"पार्वतम्मांना खुर्ची मिळाली म्हणे."

"हो. बरं झालं." मुलगी पाकिटं जुळवत राहिली. "आता भिंत धरून उठावं लागत नसेल त्यांना."

"कुणी दिली असेल?"

"आमच्यात तसं विचारत नाहीत."

रिक्षात बसल्यावर सयाजी म्हणाले, "पास्टर साफ खोटं बोलतोय, बाई."

"चिठ्ठीबद्दल खरं बोलला, सयाजीराव. खुर्चीबद्दल चुकला. म्हणून तर त्यातून सुटला."

रविवारी दुपारी चार वाजता पास्टर बक्षीसपत्राचा मसुदा घेऊन पार्वतम्मांच्या घरी आले. वैजयंतीच्या सांगण्यावरून संस्कृतीही आली होती. ती दाराशीच उभी राहिली. श्रीदेवी आईजवळ बाजेवर बसली. सयाजी भिंतीला टेकले.

"पास्टर," वैजयंती म्हणाली, "ती खुर्ची कशी आहे?"

"कशी म्हणजे? चाकांची. रुग्णालयात असते तशी."

पार्वतम्मांचे हात सुपात थांबले. त्यांनी लेकीकडं पाहिलं, मग खाली बघितलं.

"तिला चाकं नाहीत," वैजयंती म्हणाली. "ती कशासाठी आहे, हे अम्मांनी साक्षीत सांगितलं नाही. तुम्ही स्वतःच्या मनानं चाकं लावलीत. ज्यानं ती विकत घेतली तो अशी चूक करणार नाही. तेव्हा खुर्ची तुम्ही दिली नाही, आणि चिठ्ठीही वाचली नाही."

"मी तेच म्हणत होतो," पास्टर म्हणाले.

"मग दिली कुणी?" श्रीदेवीनं विचारलं. "कुणाला माहीतच नव्हतं."

"तुम्ही पहिल्याच दिवशी म्हणालात, अंगठा लावायचा राहिलाय. ज्यांना सही येत नाही त्यांनी चिठ्ठी लिहिली कशी?"

श्रीदेवीनं चटकन आईकडं पाहिलं. सयाजींनी वहीची मागची पानं चाळली आणि डोक्याला हात लावला.

"अम्मा, तुमची चिठ्ठी कोण लिहितं?"

"ही संस्कृती की. आमा समद्या बायांची तीच लिवती."

"म्हणून दीडशे माणसांना एक पेन पुरतं. मग हिला ठाऊक होतं."

"ती लिवनारी हाय," पार्वतम्मा गोंधळून म्हणाल्या. "तिला सांगितलं असं कसं म्हनायचं? मी देवाला सांगत हुते."

"ते मला समजलं, अम्मा. पण ऐकलं हिनं. खुर्ची तुमच्या उंचीला बेतून आली. दुकानदारानं तुम्हाला कधी पाहिलेलं नाही. देणाऱ्यानं तुम्हाला उठता-बसताना पाहिलं होतं. काल ही म्हणाली, भिंत धरून उठावं लागत नसेल. खुर्ची कशासाठी आहे, हे तिला कुणी सांगितलं होतं? आणि तीन महिने हिनं दशमांश दिला नाही, कारणही सांगितलं नाही. ते पैसे कशासाठी साठत होते, ते न्हाणीत आहे."

संस्कृतीनं ओढणीचं टोक बोटांना गुंडाळलं. "दवाखान्याजवळच्या दुकानात पाय कमी करून घेतले," ती म्हणाली. "अम्मा चार महिने तेच मागत होत्या. दर वेळी लिहायचं, दर वेळी जाळायचं. त्यांच्या बाकीच्या मागण्या मला झेपल्या नसत्या. ही झेपली."

"घर जातंय हे कळल्यावर का बोलली नाहीस?" सयाजींनी विचारलं.

"माझे आईवडील तिथंच जातात. आणि अम्मांनी सगळ्यांसमोर साक्ष दिली होती. त्यांना खोटं कसं पाडू? मला वाटलं नव्हतं, एका खुर्चीवरून घर मागतील."

"पण देव माणसाच्याच हातानं देतो," पास्टर शांतपणे म्हणाले. "हा चमत्कारच आहे."

"असेल," वैजयंती म्हणाली. "तो हात तुम्ही व्यासपीठावरून खाली उतरवला."

पार्वतम्मांनी हातातलं पान सुपात ठेवलं. मग विचारलं, "संस्कृती, बाकीच्या चिठ्ठ्यांचं काय झालं गं?"

"जळल्या, अम्मा."

"शिवूची बी?"

"ती पण."

पार्वतम्मांनी पास्टरांकडं पाहिलं. "देव हाय, पास्टर. ते मी सोडनार न्हाय. पर ज्यानं ऐकलं त्याला दे म्हनला तुमी. मग घर काय ह्या पोरीला देऊ?"

 पास्टरांनी कागद पिशवीत घातले आणि म्हणाले, "विचार करा. मी घाई करत नाही."

"उद्या मी येत न्हाय," पार्वतम्मा म्हणाल्या.

ते गेले. संस्कृती अजून दारातच होती. पार्वतम्मांनी तिला बाजेवर बसायला लावलं आणि सूप बाजूला ठेवलं. सयाजींनी वही मिटली. वैजयंतीनं बॅग उचलली तेव्हा श्रीदेवी आईशी बोलत होती.

"अम्मा, तू देवाला सांगितलंस. मला का नाही? मी दुसऱ्या दिवशी आणली असती."

"खुर्ची आनली नसतीस तू. मला उचलून जुळे सोलापूरला तुज्या फ्लॅटात नेलं असतंस. मला हितं ऱ्हायचं हुतं."

"असं काही नाही."

"नेलं असतंस."

श्रीदेवीनं आईच्या पायावरची चादर नीट केली. पुन्हा एकदा नीट केली.

"हो," ती म्हणाली. "नेलं असतं."