गाभाऱ्याचा अडसर

वारुणी ग्रहावर आधी धाकटा सूर्य उगवतो, मग थोरला. परक्या हेलकांची शेवटची जहाजे धूपगडावरून आकाशात चढली, ती या दोन सूर्योदयांच्या मधल्या वेळात. बावीस वर्षांचा अंमल संपला. गडाच्या कोठड्या उघडल्या आणि माणसे एकमेकांना धरून बाहेर आली. माझी बायको तुळसा त्यांत नव्हती.

तिच्या शेजारच्या कोठडीतल्या गोदाक्कांनी मला पायरीवर बसवले. तुळसेला आठ दिवसांपूर्वी मारले, देह कुठे नेला ते ठाऊक नाही, असे सांगितले. मग हळूच म्हणाल्या, "तिला गाभाऱ्यात धरलं, भाऊ. दार तोडलं नव्हतं."

तुळसा देवीच्या नैवेद्याच्या टोपलीतून बंडवाल्यांचे निरोप नेई. गाभाऱ्याचा अडसर आतूनच निघतो. त्या पहाटे आत दोघेच होते, ती आणि महंत ओंकारगिरी.

मी देवीच्या विहिरीचा पाणक्या. नव्या राज्यकर्त्याला अभिषेक होण्यापूर्वी पाणक्याने घोटभर पिऊन सर्वांसमोर 'पाणी निर्मळ आहे' असे म्हणायचे, हा आमचा रिवाज. बंडाचे सरसेनापती रायाजी खडके यांचा अभिषेक महंतांच्या हातून महिन्याभराने ठरला. त्याच्या बदल्यात न्यायदान मठाकडे जाणार होते. म्हणजे तुळसेची फिर्याद मला महंतांपुढेच न्यावी लागणार होती.

अभिषेकाच्या आदल्या दुपारी सरसेनापती एकटेच विहिरीवर आले.

"निरोपाबरोबर तुमच्या कारभारीण नैवेद्याचे लाडूही धाडायच्या," ते म्हणाले. "देवीला कमी पडत नाही का, असं विचारलं, तर म्हणाल्या, देवी काही तुमच्यासारखी डोंगर चढत नाही."

मी त्यांना अडसराचे सांगितले. त्यांना नवल वाटले नाही.

"संशय आम्हालाही आहे. पण निम्मा मुलूख महंतांच्या शब्दावर शांत आहे. उद्या रिवाजाप्रमाणे बोला. चौकशी आम्ही करू."

"कधी, महाराज?"

त्यांनी विहिरीत पाहिले आणि ते निघून गेले.

अभिषेकाच्या दिवशी महंतांनी कलश पुढे केला. मी घोट घेतला. पाणी नेहमीसारखेच गोड होते.

"पाणी निर्मळ आहे," मी म्हणालो. "ते ओतणारे हात निर्मळ आहेत, असं मी म्हणणार नाही. त्या पहाटे अडसर कोणी काढला, ते महंतांनी सांगावं."

महंत शांतपणे म्हणाले, "शोकानं भ्रमलेत बिचारे. यांना खाली न्या."

पहारेकरी सरसेनापतींकडे पाहू लागले. सरसेनापती उठले, त्यांनी महंतांच्या हातून कलश घेतला आणि स्वतःच आपल्या मस्तकावर ओतला. ते त्यांनी तुळसेसाठी केले, की मठाचा वरचष्मा टाळायला, हे मला अजून कळलेले नाही.

न्यायदान मठाकडे गेले नाही. मठाच्या दाराशी पहारा बसला. तो महंतांना कोंडायला आहे की राखायला, हे गडावर कोणी सांगत नाही.

याला दीड वर्ष झाले. चौकशी सुरू झालेली नाही. तुळसेचा देह सापडलेला नाही. तिला पाणी द्यायचे राहिले आहे.