नळीतली पेज

बाबल्या, दार ओढून घे आणि बस. हसायचं नाही हां. यातला माणूस आजही माझ्या दुकानात सामानाला येतो.

मिरकरवाड्यातला महिपत. गेल्या मार्गशीर्षातला तिसरा गुरुवार, रात्रीचे पावणेअकरा. मुंबईहून भावाचा, दत्तारामाचा, फोन आला. "गुणवंतीचा एक डबा उरलाय. नाटे गावच्या भागोजीलाही शेक चाललेत, त्याची पावडर संपलीय. आजच देऊन ये रे."

गुणवंती म्हणजे दत्तारामाची बायको, महिपतची वयनी; इकडे महिपतच्याच घरी असे. घशाचा कॅन्सर. किरणांच्या शेकांनी घसा सोललेला, म्हणून नाकातून नळी घातलेली. आहाराच्या मॅडमनी बजावलं होतं, "दर दोन तासांनी ही प्रोटीनची पावडर पाण्यात कालवून नळीतून द्या. वजन उतरलं तर शेक थांबवावे लागतील." दत्ताराम डबे पाठवी. महिपत ती पावडर स्वतःच पिऊन दंड फुगवी, आणि डब्यात तांदळाचं पीठ भरी. नळीतून नुसती पेज. नऊ किलो उतरली बाई. शेक थांबले. श्रावणात गेली.

चाळीस वर्षं किराणा विकतोय मी. मिरीत पपईच्या बिया घालणारे पाहिले. पण आजाऱ्याच्या घासात हात घालणारा हा एकच.

भागोजीच्या डब्यातही त्यानं पीठच भरलं. महिपतची बायको म्हणाली, "अहो, पाप लागेल." हा हसला. "नळीला काय जीभ असते?"

डबा घेऊन मोटरसायकलवर एकटाच निघाला. पूर्णगडच्या पुलावर मागे कुणीतरी बसलं. गाडी जरासुद्धा दबली नाही. वजनच नव्हतं. फक्त खांद्यावर हात... गार.

"भावजी..."

त्यानं वळून बघितलं नाही.

"दोन तास झाले. माझं खाणं?"

"हाय वयनी... डब्यात हाय..."

"पीठ ना?"

त्यानं गाडी आणखी पिटाळली.

"मग तुम्हीच घ्या."

नाकात काहीतरी शिरलं. बारीक. थंड. खाली... घशात... आणखी खाली. मग ऊन पेज. ओरडायला तोंड उघडलं. आवाज नाही. पेज थांबेना...

पहाटे मासळीच्या टेम्पोवाल्यांना तो पुलावर बसलेला सापडला. गाडी स्टँडवर. डबा रिकामा.

भागोजीला त्यानं दुसऱ्याच दिवशी नवा सीलबंद डबा विकत घेऊन नेऊन दिला. भागोजी सावरला. महिपत नाही. सुरमई खातो, अंडी खातो, आणि दर आठवड्याला वजनानं उतरतो. डॉक्टरांनी दोनदा दुर्बीण घातली. घसा स्वच्छ.

रोज दर्यावर जातो तो, तोंड रापून काळं झालंय. पण नाकाच्या शेंड्यावर एक पांढरा चौकोन आहे... नळीची चिकटपट्टी काढल्यावर राहतो तसा.

त्याला कधी नळी लागली नव्हती.