निवडक आगो

निवडक गाण्यांचा अल्बम निघाला तर कोणाच्या पदरात काय पडेल, याचा हिशोब मी आधीच मांडून ठेवला होता. ड्रमवाल्या गोंडोच्या गुडघ्यांचं ऑपरेशन होणार होतं. गिटारवाल्याला बायकोसमोर मान वर करून जेवता येणार होतं. तोक्योच्या रेकॉर्ड कंपनीतल्या हिरासेला बढती. माझं ऑफिस माझ्याकडे राहणार होतं. म्हणजे नूडल्सच्या दुकानावरची ती खोली, जिच्या पडद्यांनासुद्धा डुकराच्या हाडांच्या रश्शाचा वास येतो, पण जिच्या दारावर 'ओरिता' अशी माझी पाटी आहे. राहता राहिला गायक शूजी मुनाकाता. त्याच्या नावापुढची जागा मला भरता येईना. शूजीला कधीच काही नको असायचं, आणि ज्याला काही नको त्याच्याशी सौदा करणं म्हणजे भिंतीशी फुगडी घालणं.

'आगो' हा आमच्या फुकुओकाचा बँड. आगो म्हणजे उडता मासा. आम्ही तो सुकवून, भाजून रश्शात घालतो. तिघं पोरं शाळेपासूनची, मी त्यांच्या वरच्या वर्गात होते म्हणून ताई, आणि त्यांच्या पहिल्या कार्यक्रमाला दारात उभं राहून फुकट्यांना मीच हाकललं म्हणून मॅनेजर. पस्तीस वर्षं मी तेच करते आहे.

हिरासे तोक्योहून विमानाने आला तो पोतंभर पत्रं घेऊन. अल्बममध्ये कोणती गाणी हवीत ते चाहत्यांनी कळवायचं होतं. खालच्या नूडल्सच्या दुकानात मागचं मोठं टेबल आम्ही अडवलं. सगळ्यांत जास्त मतं 'पुलावर' या गाण्याला होती. बाप मुलीला नदीच्या पुलावर सायकल शिकवतो, एवढंच गाणं. ती मुलगी म्हणजे शूजीची चिगुसा. रेकॉर्डिंगच्या दिवशी तिला घरी सांभाळायला कोणी नव्हतं, म्हणून शूजीने स्टुडिओत आणली, आणि गाणं संपून ड्रम थांबले तशी ती हसली. आधी श्वास गिळल्यासारखा आवाज, मग उचक्या लागल्यासारखं खिदळणं. ते आम्ही तसंच ठेवलं. चिगुसा आता चौतिशीची आहे, समुद्राकाठी तिचं केस कापायचं दुकान आहे, आणि अजून ती तशीच हसते. बसमध्ये हसली तर ड्रायव्हर आरशात बघतो.

"बाकी काय हवं ते घ्या," शूजी म्हणाला. "हे एक नाही."

"मुनाकाता-सान, पहिल्या नंबरचंच गाणं नसेल तर 'निवडक' कसं म्हणायचं?"

"नका म्हणू." शूजीने वाडग्यातलं आलं बाजूला केलं. "माझी आई यानागिबाशीच्या बाजारात मासे विकायची. टोपलीतला सगळ्यांत चांगला मासा ती कधीच वेगळा काढून मांडायची नाही. तिचं म्हणणं, तो एकदा काढला की उरलेल्या टोपलीत जीव राहत नाही."

"आणि तेव्हापासून हा टोपलीतला शेवटचा मासा खातोय," गोंडो म्हणाला. "बघा ना, कसा वाळलाय!"

सगळे हसले. शूजी हसला नाही.

शेवटी तोडगा मीच काढला. आता 'पुलावर' सोडून चौदा गाणी घ्यायची. अल्बम खपला आणि दुसरी आवृत्ती निघाली, तर त्या गाण्याचं तेव्हा बघू. 'तेव्हा बघू' या दोन शब्दांवर मी आयुष्यात पुष्कळ कामं उरकली आहेत. चौदांमध्ये 'आईचा बर्फ' हे गाणं होतं, शूजीने त्याच मासे विकणाऱ्या आईवर केलेलं.

जुन्या टेपा चिकट होतात. त्या आधी मंद आचेवर शेकाव्या लागतात, मग एक-दोनदा वाजतात, तेवढ्यात त्यांची प्रत करून घ्यायची. हे काम तोकुनागाबाईंकडे होतं. बाई मोजकं बोलायच्या आणि दिवसभर वाळवलेलं माकूळ चघळायच्या. एका दुपारी त्यांनी मला स्टुडिओत बोलावून घेतलं.

"ओरिता-सान, हे ऐका."

मी ऐकलं. टेप फिरत होती आणि नुसती सुरसुर येत होती.

"जुनी झाली की पुसटते ना?"

"पुसटते. पण ती कडेकडेने जाते, तुकड्या-तुकड्याने. इथे मधलं अख्खं गाणं गेलंय. त्याच्या अलीकडचं आणि पलीकडचं ठणठणीत आहे."

"म्हणजे आपण घेतलं तेच गेलं?"

"चौदाच्या चौदा."

"प्रत तर आहे ना आपल्याकडे?"

तोकुनागाबाईंनी तोंडातला तुकडा या गालातून त्या गालात घेतला. "प्रत उत्तम आहे. तेच तर सांगतेय. टेपवर इतकं चांगलं नव्हतं. ओळ सुरू करायच्या आधी मुनाकाता-सान ओठ ओले करतात, ते ऐकू येतं. तेव्हाच्या माइकांना ते पकडता येणं शक्य नाही."

मी म्हटलं, चांगलं आहे की. गिऱ्हाइकाला दोन गोष्टी जास्त मिळाल्या तर तक्रार कोण करतं?

अल्बम बाजारात आला. पहिल्या आठवड्यात कारात्सूच्या एका शाळामास्तरांचं पार्सल आलं. आत आमची पहिली रेकॉर्ड, जपून वापरलेली, आणि सोबत नम्र चिठ्ठी: यातलं तिसरं गाणं वाजत नाही, कृपया बघावं. मी रेकॉर्ड खिडकीशी धरली. काळ्या रेघांच्या मधोमध बोटभर रुंद पट्टा होता आणि त्या पट्ट्यावर रेघ म्हणून नव्हती. तो आरशासारखा गुळगुळीत होता. त्यात मला पडदा दिसला, आणि पडद्यापुढे माझा चष्मा. सुई लावली तर ती बर्फावरून घसरावी तशी सरळ पुढच्या गाण्यावर गेली.

मी कपाटातली आमची स्वतःची रेकॉर्ड काढली. ती प्लास्टिकच्या वेष्टनातून कधी बाहेरच काढली नव्हती. तिच्यावरही तोच पट्टा.

मग कागोशिमाहून पत्र आलं, सेंदाईहून आलं, फोन तर येतच राहिले. मी प्रत्येकाला उन्हाळा, दमट हवा आणि त्या काळचं हलकं प्लास्टिक समजावून सांगितलं. माझा आवाज चांगला आहे, लोकांना पटतं. हिरासे तर खूश होता. ज्यांची जुनी गाणी गेली ते सगळे नवा अल्बम घेत होते. दुसरीकडे कुठे ती गाणी ऐकायची सोयच राहिली नव्हती.

त्या चौदांतल्या एका गाण्यात मागे टाळ्या आहेत. अल्बमसोबतच्या पुस्तिकेत 'टाळ्या: ओरिता' असं छापलंय. मला काही आठवलं नाही. आठवेल म्हणून मी ते गाणं लावून टाळ्या वाजवून बघितल्या. हात ठेक्यावर पडेनात. ऑफिस चालवायला टाळ्या लागत नाहीत, म्हणून मी तो विषय तिथेच सोडला.

सोडता येईना ती गोष्ट पुढे घडली. मोठ्या हॉलमधल्या कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी शूजी कानांत इअरफोन घालून कोपऱ्यात बसला होता. मांडीवर कागद, हातात पेन्सिल. स्वतःचीच गाणी उतरवून घेत होता. चिगुसा त्याचे केस नीट करायला आली होती.

"बाबा, स्वतःच्याच पेपरला कॉपी करताय?" ती म्हणाली आणि हसली. श्वास गिळला, मग उचक्या. दोन कामगार दिवे लावायचे थांबून बघायला लागले.

शूजीने इअरफोन काढले. ते हसू संपेपर्यंत तो तिच्याकडे बघत राहिला, चांगला चहा संपेपर्यंत कप हातात धरावा तसा. "एक आहे, त्याला कॉपी लागत नाही," तो म्हणाला, आणि 'पुलावर' गुणगुणला. एक ओळही चुकली नाही.

कार्यक्रमात हॉल भरला होता. शूजी चुकला नाही, गोंडोने गुडघ्यांसकट जीव ओतला. फक्त लोक गायले नाहीत. पस्तीस वर्षं ही माणसं दुसऱ्या ओळीपासून गात आली आहेत, शूजीला श्वास घ्यायला फुरसत मिळायची ती त्यांच्यामुळेच. त्या दिवशी ते हात मांडीवर ठेवून बसले होते आणि पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखे ऐकत होते. गाणं संपलं की टाळ्या मात्र कडकडून. हिरासे माझ्या कानाशी म्हणाला, "बघा, किती ताजं वाटतंय लोकांना!"

दुसरी आवृत्ती ठरली. कंपनीची अट एकच होती, यात 'पुलावर' हवं. ते असेल तर देशभर दौरा, नसेल तर राम राम.

हिरासे कागद घेऊन ऑफिसात आला. शूजी माझ्यासमोर बसला, खिशातून सहीऐवजी उमटवायचा नावाचा शिक्का काढून टेबलावर ठेवला. पडद्यांतून खालच्या रश्शाचा वास येत होता.

"ताई, या गाण्याला मी नाही म्हटलं होतं ना?"

"म्हटलं होतंस."

"का?"

मी त्याच्याकडे नीट बघितलं. तो थट्टा करत नव्हता.

"तुझी आई," मी म्हटलं. "बाजारात बसायची ती."

"माझी आई बाजारात बसायची?" शेजाऱ्याच्या पाहुण्याची चौकशी करावी तसं त्याने विचारलं. "कसल्या बाजारात?"

हिरासेने शाईची डबी उघडून पुढे सरकवली.

'आईचा बर्फ' त्या चौदांमध्ये होतं, ते मला त्या क्षणी आठवलं. टोपलीची गोष्ट आता या खोलीत मला आणि हिरासेला माहीत होती, आणि हिरासे ती सांगणार नव्हता. सांगायला अर्धं मिनिट पुरलं असतं. गोंडोच्या ऑपरेशनची तारीख ठरली होती. दारावर माझी पाटी होती.

"तुझं काहीतरी जुनं खूळ होतं," मी म्हटलं. "गाणंच आहे शेवटी."

"मग ठीक आहे," शूजी म्हणाला, आणि शिक्का उमटवला. शिक्का सरळ उमटला. त्याचा नेहमी तिरका उमटायचा.

दुसरी आवृत्ती आली त्या रविवारी तेंजिनच्या रेकॉर्डच्या दुकानात सह्यांचा कार्यक्रम होता. अल्बम विकत घ्यायचा, रांगेत उभं राहायचं, गायक तुमचं नाव घालून सही देतो. रांग जिन्यावरून खाली रस्त्यापर्यंत गेली होती. दुकानाच्या स्पीकरवर अल्बमच चालू होता. मी शूजीशेजारी उभी राहून सही झालेल्या प्रती पुढे सरकवत होते.

रांगेत चिगुसा दिसली. बाबांना चकित करायचं म्हणून आली होती. मला तिने ओठांवर बोट ठेवून गप्प राहायची खूण केली.

स्पीकरवर 'पुलावर' सुरू झालं.

तिची पाळी आली. शूजीने मान वर केली आणि इतरांना केलं तसंच वाकून तिला अभिवादन केलं.

"आलात, फार बरं वाटलं. नाव काय लिहू?"

तिचे डोळे चमकले. बाबांची थट्टा तिला चांगली माहीत होती.

"चिगुसा," ती अदबीने म्हणाली.

शूजीने अक्षरं सावकाश लिहिली. शाई वाळावी म्हणून फुंकर घातली.

"सुंदर नाव आहे," तो म्हणाला. "कोणी ठेवलं?"

चिगुसाने श्वास गिळला. खांदे हलले, मान मागे गेली, तोंड उघडलं.

आवाज आला नाही.

स्पीकरवर ड्रम थांबले. तिथे तीन वर्षांची पोर हसते, हे पूर्वी अख्ख्या फुकुओकाला माहीत होतं. तीन वर्षांची पोर हसली नाही. मोठी बाई हसली, उचक्या लागल्यासारखी, अगदी जवळून, तिने आधी ओठ ओले केलेले ऐकू यावेत इतकी जवळून.

रांगेतल्या दोघा-तिघांनी वर स्पीकरकडे बघितलं आणि कौतुकाने माना डोलावल्या.

चिगुसाने गळ्याला हात लावला. मग तिने माझ्याकडे बघितलं.

"पुढे," मी म्हटलं.

गोंडोला गुडघे मिळाले. हिरासेला बढती मिळाली. माझी पाटी दारावर आहे. शूजीचं काही गेलं असं शूजीला वाटत नाही, म्हणून त्याच्या नावापुढची जागा मी अजून रिकामीच ठेवली आहे. चिगुसाने पूर्ण किंमत मोजली. रांगेत लागण्याआधी, खाली काउंटरवर, बाकीच्यांसारखीच.